सवाष्णीच्या हातच्या पत्रिका

सकाळची पूजा आटोपून, कपालेश्वराच्या पायऱ्या चढून-उतरून वत्सलाबाई नाशिकच्या भद्रकालीतल्या छापखान्याचं कुलूप काढत, तेव्हा गल्लीत भाजीच्या हातगाड्या नुकत्या लागू लागलेल्या असत. आत आल्यावर पहिलं काम ठरलेलं. कटिंग मशीनवरची जुनी चादर काढून घडी घालायची. रॉकेलात भिजवलेल्या चिंधीनं त्याचं लोखंडी टेबल पुसायचं, मग कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसायचं. काचेच्या नळीत तेल कुठवर आहे ते बघायचं आणि खाली ठेवलेल्या परातीत ठिबकलेलं तेल ओतून घ्यायचं.

छपाईचे खिळे जुळवणारे सहादूकाका चष्मा पुसत म्हणायचे, "वत्सलाबाई, देवाला तरी एवढं घासता का हो?"

"देव गळत नाही, काका," त्या हळूच म्हणत. दोघं हसत. दिवसभरातलं त्यांचं बोलणं पुष्कळदा तेवढंच असे.

छापखान्याच्या पाटीवर अजून त्यांच्या यजमानांचं, सावळीरामांचं नाव होतं. ते काविळीनं गेले, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की वत्सलाबाई छपाईचं ट्रेडल मशीन विकून माहेरी जातील. माहेरी कोणी उरलं नव्हतं आणि मूलबाळ नव्हतं. हातात काम होतं. कागद मोजणं, कापणं, बिलबुकं शिवणं ही कामं त्या लग्न होऊन आल्यापासून यजमानांच्या बरोबरीनं करत आल्या होत्या. गल्ल्यावर बसायला दुपारी मखमलाबादहून धाकटे दीर कोंडाजी येत. सकाळी बाजारात फुलं विकायची, दुपारी वहिनीचा छापखाना सांभाळायचा. माणूस सरळ होता. वहिनीला त्यानं कधी उणं बोलून दाखवलं नाही.

आधीचं कटिंग मशीन हातानं चाक फिरवायचं होतं. चाक फिरवून वत्सलाबाईंचा खांदा निखळायला आला, तेव्हा त्यांनी जुनं का होईना पण हायड्रॉलिक मशीन घ्यायचं मनावर घेतलं. मालेगावात एक छापखाना बंद झाला होता. तिथं त्या कोंडाजींना आणि अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्या भिकन मिस्त्रीला घेऊन गेल्या. मशीन जर्मन बनावटीचं होतं, रंग उडालेलं, पण अंगानं दणकट. म्हाताऱ्या मालकानं त्याच्यावर थाप मारली.

"माय, मशीन सोनं शे. तेल जरासं गळस, खोटं नही बोलत."

कोंडाजी बैल पारखावा तसे भोवती फिरून आले. भिकननं पंपाला कान लावला. वत्सलाबाईंनी कागदाचा एक जाड गठ्ठा मागून घेतला, कापायला लावला, आणि सगळ्यात वरचा नि सगळ्यात खालचा कागद काढून एकमेकांवर ठेवला. खालचा कागद थोडासा मोठा भरला.

"दाब कमी पडतोय. गठ्ठा सरकतो आतल्या आत," त्या म्हणाल्या.

"सील गेलंय, वहिनी. बदलून देतो," भिकन म्हणाला.

म्हातारा हसला. "माय, तू मन्हा पोऱ्यापेक्षा बरी. त्यानी कधी कागद उचलीसन पाह्यना नही."

मशीन नाशिकला आलं, जमिनीत बोल्ट मारून बसलं. भिकननं सील बदललं, तेल गाळून भरलं, पात्याला धार लावून आणली आणि मग वत्सलाबाईंना समोर उभं केलं. टेबलाच्या पुढच्या कडेला दोन हिरवी बटणं होती, एक डाव्या टोकाला आणि एक उजव्या.

"दोन कशाला, माहीत आहे? दोन्ही एका वेळी दाबलेली असल्याशिवाय पातं खाली येत नाही. म्हणजे कापणाऱ्याचे दोन्ही हात बटणांवर. पात्याखाली जायला हातच शिल्लक राहत नाही. बनवणारा मोठा मायाळू माणूस असणार बघा."

वत्सलाबाईंनी दोन्ही तळवे बटणांवर टेकवले. आधी दाबपट्टी उतरली, गठ्ठ्यावर बसली, आणि तिच्या पाठोपाठ पातं लोणी कापावं तसं कागदातून गेलं.

सावळीराम गेल्यापासून हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं होतं. बारशाला गेलं तर पाळण्यापाशी नाही, चुलीपाशी बसायचं. नव्या नवरीला ओवाळताना ताट आपल्या हातातून कोणीतरी अलगद काढून घ्यायचं. कोणी भांडत नव्हतं, सगळं गोड बोलून चाललं होतं. ज्याला त्यांचे दोन्ही हात लागत, असं जगात आता हे मशीन तेवढं उरलं होतं.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नपत्रिकांची गर्दी सुरू झाली. एके दुपारी पंचवटीतली एक आजी मुलासोबत पत्रिका न्यायला आली. शेवटचा गठ्ठा कापायचा राहिला होता. आजी आत डोकावली. मशीनसमोर उभ्या असलेल्या वत्सलाबाईंचं मोकळं कपाळ तिनं पाहिलं.

"ह्या कोण?"

"आमच्या वहिनी," कोंडाजी म्हणाले.

"पत्रिका ह्याच कापतात?"

कोंडाजींनी बिलबुक पुढं ओढलं. आजी आवाज न चढवता मुलाला म्हणाली, "आहे तशा उचल. कडा वेड्यावाकड्या राहिल्या तरी चालतील." आणि जाता जाता वत्सलाबाईंकडे वळून, अगदी मनापासून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका हो बाई. तुमचं काही चुकलं नाही. पण शुभकार्य आहे."

त्या आठवड्यात आणखी दोन घरांनी काम परत नेलं. फुलबाजारात कोंडाजींच्या कानावर गोष्ट आली. ते गल्ल्यावर बराच वेळ चुळबुळत बसले.

"वहिनी, राग नका धरू. मला काय वाटत नाय यातलं. पण गिऱ्हाईकाला वाटतं. लय बोभाटा झालाय. पत्रिकाच गेल्या तर छापखान्यात राहतं काय? शाळेचे पेपर आन् बिलबुकं?"

"मग काय करायचं, भाऊजी?"

"मैनाला आणतो. लग्नसराईपुरती. तिच्या हातानं कापू."

मैना कोंडाजींची बायको. हसरी, अंगानं बारकी, हातभर हिरव्या बांगड्या. पहिल्याच दिवशी मशीन सुरू झालं तशी ती दोन पावलं मागं सरली.

"अगं बया! अक्का, हे तर आमच्या म्हशीवानी फुस्कारतंय. शिंग मारीत नाय ना?"

"मारत नाही. मान देऊन वागलं की झालं."

पण मैनाला माप येत नव्हतं. गठ्ठा सरळ लागेना, दोन बटणं एकदम दाबायची म्हटलं की ती डोळे मिटून घ्यायची. दोन दिवसांत पुष्कळ कागद वाया गेला. तेव्हा कोंडाजींनीच मार्ग काढला. गठ्ठा वत्सलाबाईंनी लावायचा, माप त्यांनी घ्यायचं. डावं बटण त्यांनी दाबायचं आणि उजव्या बटणावर हात ठेवायचा मैनानं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याला उजवी बाजू दिसे. बटणावर टेकलेला, मेंदी लावलेला, बांगड्यांचा हात दिसे.

हा मार्ग सगळ्यांना पसंत पडला. कापायला सवाष्णीचा हात हवा होता, तो मिळाला. काम जाणणारी हवी होती, तीही होती. कोणाचं मन दुखावलं नाही. आपल्याकडच्या कितीतरी रूढी अशाच टिकल्या आहेत. 'मला काही वाटत नाही' असं म्हणणारी भली माणसंच त्यांना उंबऱ्याच्या आत घेतात आणि बसायला पाट देतात.

बाजारात नाव झालं. "त्या छापखान्यात पत्रिका सवाष्णीच्या हातानं कापतात" म्हणून लोक पंचवटीतून, सातपूरहून येऊ लागले. आलेल्या बायका मैनाला कुंकू लावत, खण देत, ओटीत नारळ घालत. वत्सलाबाई तेव्हा कागदाच्या रिमांमागं जाऊन उभ्या राहत. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं. पाय आपणहून जात.

गिऱ्हाईक गेलं की मैना खण घेऊन त्यांच्याकडं यायची. "अक्का, हा तुमचाच. मी निस्ती हात ठेवून उभी. म्हैस तुम्ही दोहता आन् दूध माझं."

"ठेव तुला. मी खणाची चोळी कुठं घालणार?"

मैनाचा चेहरा उतरायचा. मग ती जवळ बसून डब्यातली भाकरी मोडायची, अर्धी वत्सलाबाईंच्या हातावर ठेवायची. ती आल्यापासून छापखान्यात बोलणं वाढलं होतं, हसू आलं होतं. आणि तरीही संध्याकाळी ती कोंडाजींच्या सायकलवर बसून गेली की वत्सलाबाईंना पूर्वीपेक्षा जास्त एकटं वाटे. पूर्वी त्या निदान आपल्या कामाच्या मालकीण होत्या.

संक्रांतीच्या सुमारास भिकन तेलाची गळती बघायला आला. पान्यानं नळी आवळता आवळता त्यानं समोर चाललेलं पाहिलं. एक बटण हिचं, एक तिचं. गिऱ्हाईक जाईपर्यंत तो थांबला.

"वहिनी, हे बरं नाही."

"काय?"

"तुमचा एक हात बटणावर, एक मोकळा. तिचा एक बटणावर, एक मोकळा. दोन हात मोकळे राहिले ना! ज्यासाठी दोन बटणं ठेवली, तेच तुम्ही मोडून टाकलंत."

वत्सलाबाईंना ते तेव्हाच कळलं होतं, पहिल्या दिवशीच. त्यांनी मैनाला शंभरदा बजावलंही होतं की दुसरा हात पाठीमागं ठेवायचा. पण त्या भिकनला एवढंच म्हणाल्या, "एवढी लग्नसराई जाऊ द्या, भिकनभाऊ. मग तिला नीट शिकवते."

अक्षय्यतृतीया आली. पंचवटीतल्या रंगूबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका जाड, सोनेरी शाईच्या. रंगूबाई स्वतः आल्या होत्या, हातात ताट घेऊन. ताटात हळद, कुंकू, ओल्या अक्षता.

"पहिला काप घ्यायच्या आधी मला गठ्ठ्याची पूजा करू दे," त्या म्हणाल्या. कोंडाजींनी हात जोडले. वत्सलाबाईंनी गठ्ठा लावला, माप बघितलं, आणि नेहमीसारख्या डाव्या बाजूला भिंतीला लागून उभ्या राहिल्या. तिथून त्यांना मापाची पट्टी दिसत होती, गठ्ठ्याचा पुढचा भाग दिसत नव्हता. मधे रंगूबाईंचा पदर होता.

रंगूबाईंनी कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मैनाच्या कपाळाला बोट लावलं. "हं, हात ठेव गं बाई. लक्ष्मीचा हात आहे तुझा." मैनानं उजव्या बटणावर हात दाबून धरला. लोकांना तो तिथं बघायला आवडे, म्हणून ती काप सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून तसा दाबून धरायला शिकली होती.

रंगूबाई बाजूला झाल्या. वत्सलाबाईंनी भिंतीकडूनच हात लांब करून कागदावरच्या दिसतील तेवढ्या अक्षता झटकल्या, मग पट्टीकडं वळल्या. माप बरोबर होतं.

एक तांदूळ राहिला होता, पात्याच्या बरोबर खाली, सोनेरी गणपतीवर. मैनाला तो दिसला. कागदावर कण राहिला तर दाबपट्टीखाली त्याचा वळ साऱ्या पत्रिकांवर उठतो, हे वत्सलाबाईंनीच तिला शिकवलं होतं. गठ्ठा खराब होऊ नये, अक्काला बोल लागू नये, म्हणून तिनं डावा हात पुढं केला. उजवा बटणावरच होता.

नजर पट्टीवरच ठेवून वत्सलाबाईंनी आपलं बटण दाबलं.

मैना ओरडलीसुद्धा नाही. सहादूकाकांनी धावत जाऊन वीज बंद केली. रंगूबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं तो आवाज तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला.

सिव्हिल हॉस्पिटलात डॉक्टरांनी हात वाचवला. दोन बोटं गेली. वऱ्हांड्यात कोंडाजी भिंतीला डोकं टेकून बसले होते. वत्सलाबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, तर त्यांनी मान वळवली. रंगूबाईंचं म्हणणं तोवर पंचवटीत पोचलं होतं. "मी तरी काय म्हणत होते? शेवटी त्या बाईचा हात लागलाच ना मधे! सवाष्णीवर गेलं ते, बरं झालं माझ्या पोरीवर नाही आलं." अक्षता कोणी टाकल्या होत्या, हे कोणी विचारलं नाही. दोघींना एका मशीनवर कशासाठी उभं केलं होतं, हेही नाही.

छापखाना बंद राहिला. वत्सलाबाई रोज कपालेश्वराला जात होत्या. नेम मोडला नव्हता, पण ओठावर स्तोत्र येत नव्हतं. खाली गोदावरीवर बायका दिवे सोडायच्या. त्या पायरीवर बसून आपल्या उजव्या हाताकडं बघत राहायच्या. बटण दाबलं ते ह्यानंच. लोक म्हणतात तसा हा हात खरंच अशुभ असेल का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. एवढी वर्षं उपास केले, सोमवार धरले, प्रदोष केले, आणि तरीही हा प्रश्न आला.

तो प्रश्न घेऊनच त्या मखमलाबादला जात. कोंडाजी मळ्यात निघून जायचे. मैना ओसरीवर पडून असायची. पहिल्यांदा तिनंच विषय काढला.

"अक्का, कागदाला वळ पडला का हो?"

वत्सलाबाई तिच्याशेजारी टेकल्या. त्या तिचा बांधलेला हात मांडीवर घेऊन रडल्या. यजमान गेले तेव्हा लोकांसमोर रडायचं राहून गेलं होतं, तेही त्यात आलं.

पावसाळा गेला. जखम भरली. मैना उरलेल्या बोटांनी शेवंतीचे गजरे करायला शिकली. सुई पकडता येत नव्हती, दाभण पकडता येई. नवरात्रात शेजारी मंगलाबाईंकडं सवाष्णी जेवायला होत्या. सगळ्या आळीला बोलावणं आलं, मैनाला आलं नाही. हाताला व्यंग असलेल्या बाईची ओटी भरत नाहीत म्हणे. मैना दाराशी बसून ऐकत होती, पलीकडं बायका हसत होत्या. वत्सलाबाई त्या दिवशी तिथंच होत्या.

"बघा, अक्का," मैना म्हणाली, "आता मी बी रिमांच्या मागं."

ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. आणि वत्सलाबाईंच्या मनातला तो प्रश्न तिथंच, त्या ओसरीवर विरला. काल लक्ष्मीचा होता तो हात आज ओवाळायला चालत नाही. म्हणजे शुभ-अशुभ हातात नव्हतंच कधी. ते लोकांच्या बोलण्यात होतं, आणि आपण त्या बोलण्याची सोय करून दिली होती. आपण स्वतःला अशुभ मानलं नाही, पण मानणाऱ्यांसाठी रिमांमागं जाऊन उभ्या राहिलो. पाप असलंच तर ते तिथं होतं. आणि ते देवाला नाही, माणसांनाच निस्तरायचं होतं.

दिवाळी झाल्यावर वत्सलाबाई मखमलाबादला गेल्या, तेव्हा कोंडाजी आपणहून बोलायला आले. मैनाही ओसरीवरच होती.

"वहिनी, लग्नसराई तोंडावर आली. छापखाना उघडला पायजे. लंकाबाईला इचारलंय मी, पलीकडच्या. ती हात ठेवायला तयार हाय. ह्या खेपेला आपण नीट लक्ष देऊ."

"नको, भाऊजी."

"नको म्हंजे?"

"त्या मशीनवर दोन्ही हात एकाच माणसाचे राहतील. माझे."

"मग पत्रिका येनार नाय."

"नाही आल्या तर नाही."

"वहिनी, लोकांना सांगायची गरजच काय? तुम्ही आत कापा. दाराला पडदा लावू."

वत्सलाबाईंचा आवाज कधी वाढत नसे, तेव्हाही वाढला नाही. "पडद्याआडच होते मी इतके दिवस. त्याची किंमत हिनं दिली. आता मी गल्ल्यावर बसेन. जो येईल त्याला आधी सांगेन की मी विधवा आहे आणि पत्रिका मी कापते. पटलं तर ठेवा, नाहीतर घेऊन जा."

"लोकं हसतील!"

"लंकाबाईची पोर अजून अंगावर पिती," मैना मधेच म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती, गजरा करतच होती. "तिला तिचे दोन्ही हात लागत्यात."

कोंडाजी उठले. "मग मला नका बोलवू गल्ल्यावर," एवढं बोलून मळ्याकडं गेले. वाईट माणूस नव्हता तो. पण चांगल्या माणसालासुद्धा एका ठिकाणी 'आता पुरे' म्हणून थांबावं लागतं, आणि ते ठिकाण त्याला अजून सापडलं नव्हतं.

वत्सलाबाईंनी छापखाना उघडला. इतक्या महिन्यांत पात्यावर गंजाची बारीक साय धरली होती. ती त्यांनी तेल लावून काढली. भिकनला बोलावून पातं धारेला पाठवलं, नळ्या तपासल्या, परातीतलं तेल ओतून घेतलं. मग गल्ल्यावर येऊन बसल्या, दाराकडं तोंड करून.

गिऱ्हाईक येतं. वधूवरांची नावं लिहिलेला कागद पुढं करतं. वत्सलाबाई तो घ्यायच्या आधी सांगतात, शांतपणे, रोज तेच. काहींना राग येतो. "आम्ही विचारलं होतं का?" म्हणतात. काही ऐकू न आल्यासारखे कागद घडी करून खिशात घालतात. एक म्हातारे गुरुजी म्हणाले, "माझी काही हरकत नाही हो, पण व्याही..." बहुतेक जण मात्र एकच म्हणतात, "घरी विचारून येतो."

ते गेले की त्या शाळेच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे कापतात. दोन्ही तळवे टेकवतात. सहादूकाका खिळे जुळवत असतात. घरी विचारायला गेलेल्यांपैकी अजून फार थोडे परत आलेत. वत्सलाबाई वाट बघतात. वाट बघण्याची त्यांना सवय आहे, संकष्टीच्या संध्याकाळी चंद्र उगवायची बघतात तशी.

ती घरं कुठली दूरची नाहीत. पंचवटीतली आहेत, मेन रोडची आहेत, तुमची-माझी आहेत. आज संध्याकाळी त्यांतल्या एखाद्या घरात जेवताना कोणीतरी विचारेल, "ती बाई विधवा आहे म्हणाली. पत्रिका तिच्याकडं टाकायच्या का?" ताटावरून मान वर करून उत्तर द्यायला तिथं आपल्याशिवाय दुसरं कोणी नाही.